अपक्ष मतदार वेगळा, काठावरचा मतदार वेगळा

अमेरिकेत अध्यक्षपदाची निवडणूक जवळ आली की टीव्हीवरच्या चर्चांमध्ये एक गल्लत हमखास होते. "43 टक्के लोक स्वतःला अपक्ष म्हणवतात, म्हणजे जवळपास निम्मा देश अजून ठरवतोय," असं कुणीतरी ठोकून देतं आणि बाकीचे माना डोलावतात. आकडा बरोबर आहे. गॅलप या मतचाचणी संस्थेच्या पाहणीत 2023 आणि 2024, दोन्ही वर्षी तो तेवढाच होता. पण 'म्हणजे'च्या पुढचं साफ चूक. अपक्ष आहे की नाही हे पक्षाशी असलेल्या नात्यावरून कळतं. मत ठरलंय की नाही, हा फक्त या खेपेचा प्रश्न. पहिल्या गटात कोट्यवधी लोक आहेत, दुसऱ्यात, म्हणजे मत अजून न ठरलेल्या, काठावरच्या लोकांत, मूठभर. मी पेनसिल्व्हेनियात मत देते आणि 2024 मध्ये सप्टेंबर संपत आला तरी माझं तळ्यात-मळ्यात चाललं होतं. तेव्हा मी हे तटस्थपणे लिहितेय असं समजू नका.

महाराष्ट्रातून आलेल्या माणसाला यातलं पहिलं प्रकरणच नवीन असतं. आपल्याकडे अपक्ष असतो तो उमेदवार. मतदारयादीत आपल्या नावापुढे पक्ष लिहिलेला नसतो, आणि कुणी लिहायला लागला तर आपण भांडू. अमेरिकेत सुमारे 30 राज्यांत नाव नोंदवतानाच पक्ष विचारतात. पेनसिल्व्हेनियाच्या अर्जावर डेमोक्रॅटिक, रिपब्लिकन, ग्रीन, लिबर्टेरियन अशा चौकटी आहेत आणि 'कोणताही नाही' अशीही एक आहे. नवं नागरिकत्व मिळालेली आपली बरीच मंडळी सावधपणे त्याच चौकटीत खूण करतात: उगाच कशाला आपलं नाव कुठे लावून घ्या! त्या सावधपणाची किंमत प्राथमिक फेरीत कळते. उमेदवार कोण असावा हे ठरवायला पेनसिल्व्हेनियात त्या-त्या पक्षात नोंद असलेल्यांनाच मत देता येतं. एप्रिल 2024 मधल्या फेरीत 'कोणताही नाही'वाल्यांना त्या मतपत्रिकेत जागा नव्हती. नंतर "हेच दोघे का?" म्हणून चडफडायला मात्र सगळे मोकळे.

मिशिगन, विस्कॉन्सिन, जॉर्जिया, टेक्सास, व्हर्जिनिया या राज्यांत पक्षाची नोंदच होत नाही. तिथला अपक्ष म्हणजे पाहणीवाल्याने विचारल्यावर 'मी अपक्ष' असं सांगणारा माणूस, बस्स. कॅलिफोर्नियात तर आणखी गंमत आहे. तिथे 'अमेरिकन इंडिपेंडंट पार्टी' नावाचा एक खराखुरा पक्ष आहे. 1968 मध्ये वंशभेदाचे खंदे समर्थक जॉर्ज वॉलेस यांना पाठिंबा देण्यासाठी उभा राहिलेला, पार उजवीकडचा. 2016 मध्ये 'लॉस अँजेलिस टाइम्स'ने शोध घेतला तेव्हा त्या पक्षाच्या सुमारे पाच लाख नोंदणीकृत मतदारांपैकी बहुसंख्यांना आपण कुठल्या पक्षात आहोत याचा पत्ताच नव्हता. नावात 'इंडिपेंडंट' दिसलं आणि खूण केली.

आता खरा मुद्दा. अपक्ष म्हणवणाऱ्याला गॅलप पुढचा प्रश्न विचारतं: बरं, पण झुकता कुणीकडे? तिथे बहुतेकांचा मुखवटा गळतो. 2024 मध्ये झुकणारे धरून रिपब्लिकन 46 टक्के झाले आणि डेमोक्रॅट 45. खरोखर कुणीकडेच न झुकणारा दहांतला एखादाच उरला. झुकणारे अपक्ष मत देताना पक्षाच्या अधिकृत मतदारांपेक्षा फारसे वेगळे वागत नाहीत, हे राज्यशास्त्राच्या अभ्यासकांनी कित्येक वर्षांपासून दाखवून दिलंय. मग स्वतःला अपक्ष का म्हणवायचं? माझ्या मते यात लाज आणि प्रौढी दोन्ही आहेत. पक्षाच्या भानगडींची लाज, आणि 'मी कुणाचा मिंधा नाही' ही प्रौढी. शिवाय यातल्या पुष्कळांचं स्वतःच्या पक्षावर प्रेम नसलं तरी समोरच्याबद्दलची चीड पक्की असते. वरच्या पातळीवरचा नमुना हवा असेल तर सिनेटर बर्नी सँडर्स बघा. कागदोपत्री अपक्ष आणि सिनेटमध्ये बसतात डेमोक्रॅटांबरोबर. दोनदा त्याच पक्षाकडे अध्यक्षपदाची उमेदवारी मागितली. त्यांचं काही ठरायचं राहिलंय असं त्यांचा वैरीसुद्धा म्हणणार नाही.

काठावरचा मतदार ही अगदी वेगळी जात. त्याच्या नावापुढे कुठलाही पक्ष असू शकतो. वीस वर्षं रिपब्लिकन म्हणून नोंदलेला पण या उमेदवाराला मत द्यायला हात न धजणारा माणूस काठावर असतो, आणि त्याच्या शेजारचा ठणठणीत अपक्ष उन्हाळ्यातच ठरवून मोकळा झालेला असतो. काठावरच्यांत दोन तऱ्हा दिसतात. एकीला राजकारणाशी देणंघेणं कमी. नोकरी, पोरांची शाळा, हप्ते यातून मान वर काढेपर्यंत ऑक्टोबर उजाडतो. दुसरी तऱ्हा सगळं बघून-वाचून विटलेल्यांची. इकडे आड, तिकडे विहीर. टीव्हीवाले पहिल्या तऱ्हेला अडाणी ठरवतात आणि दुसरीला 'मध्यममार्गी'. हे दुसरं मला जास्त झोंबतं. काठावर असणं म्हणजे दोन टोकांच्या बरोबर मधोमध उभं असणं नव्हे. एकाच माणसाला स्थलांतरावर कडक कायदा हवा असतो आणि आरोग्यविमा सरकारने सगळ्यांना द्यावा असंही वाटत असतं. त्याची अडचण दोन्ही मतं एका उमेदवारात मिळत नाहीत ही आहे. त्याला मवाळ म्हणून चुचकारणारी भाषणं त्याच्या डोक्यावरून जातात.

आणि त्याच्यापुढचा प्रश्न नेहमी 'हा की तो' असतो असंही नाही. बरेचदा तो 'जाऊ की घरी बसू' असा असतो. दोन्ही उमेदवार नावडते असलेल्यांचं प्रमाण 2016 च्या मतदानोत्तर चाचणीत 18 टक्के होतं. त्यातल्या 47 टक्क्यांनी ट्रम्प यांना मत दिलं, 30 टक्क्यांनी हिलरी क्लिंटन यांना, बाकीचे इकडेतिकडे पांगले. दगडापेक्षा वीट मऊ म्हणायचं, पण यातली वीट कोणती हे प्रत्येकाने शेवटच्या घडीला आपापलं ठरवलं.

मूठभर असूनही यांची एवढी चर्चा होते ती अमेरिकी पद्धतीमुळे. अध्यक्ष निवडतात राज्याराज्यांतून मतदारांनी निवडलेले 538 निर्वाचक, जिंकायला लागतात 270, आणि मेन व नेब्रास्का सोडले तर राज्यात पहिला येणारा तिथले सगळे निर्वाचक घेऊन जातो. त्यामुळे कॅलिफोर्नियातला काठावरचा मतदार रात्रभर तळमळला तरी त्याला कुणी विचारत नाही. पेनसिल्व्हेनियातल्याला 19 निर्वाचकांचं वजन असतं. 2016 मध्ये विस्कॉन्सिन, मिशिगन आणि पेनसिल्व्हेनिया या तीन राज्यांतलं ट्रम्प यांचं मताधिक्य एकत्र केलं तरी 78 हजारांच्या आसपास होतं. मतचाचण्या करणाऱ्यांच्या अमेरिकी संघटनेने 2017 मध्ये आपल्या चुकांचा धांडोळा घेतला, तेव्हा एक प्रमुख कारण निघालं ते हेच: या राज्यांत अगदी शेवटच्या आठवड्यात ठरवणारे मोठ्या संख्येने ट्रम्प यांच्याकडे वळले होते.

प्रचारयंत्रणेला हा फरक पत्रकारांपेक्षा चांगला कळतो. मतदारयादी तिच्या हातात असते. त्यात तुमची पक्षनोंद असते आणि कुठल्या निवडणुकांत मत दिलंत हेही असतं. कुणाला दिलंत ते नसतं. म्हणजे तुम्ही अपक्ष आहात हे कळायला तुमच्या दारात यावं लागत नाही, काठावर आहात हे कळायला मात्र यावंच लागतं. स्वयंसेवकाच्या फोनवर 1 ते 5 असं मोजमाप असतं: 1 म्हणजे पक्का आपला, 5 म्हणजे पक्का विरोधी, 3 म्हणजे अजून ठरलं नाही. आमच्याकडे आलेल्या पोराने विचारलं, तुमच्या दृष्टीने सगळ्यात महत्त्वाचा मुद्दा कोणता? मी म्हटलं, आरोग्यविम्याचा हप्ता. त्याने खाली बघून पडद्यावरच्या तीन ओळी वाचल्या, त्यातली एकही हप्त्याबद्दल नव्हती, आणि विचारलं, "मग आता आमच्याकडे झुकताय ना?" मी नाही म्हटल्यावर त्याने अंगठ्याने काहीतरी दाबलं. बहुतेक 3. त्यानंतर पत्रपेटीत रोज चकचकीत कागद पडायला लागले. दुसऱ्या पक्षाची पोरगीही आठवड्याभराने येऊन गेली. तिच्याकडे चार ओळी होत्या.

या चिडचिडीचं मूळ दारावरच्या पोरांत नाही, ती बिचारी दिलेलं वाचतात. 10 सप्टेंबर 2024 ला फिलाडेल्फियात हॅरिस आणि ट्रम्प यांचा वादविवाद झाला, तो आठवा. पहिलाच प्रश्न हॅरिस यांना होता: लोकांची आर्थिक स्थिती चार वर्षांपूर्वीपेक्षा बरी आहे असं तुम्हाला वाटतं का? हो किंवा नाही यातलं एकही उत्तर आलं नाही. आपण मध्यमवर्गीय घरात कसे वाढलो इथून सुरुवात करून त्या आपल्या योजनांवर गेल्या. पुढे ट्रम्प यांना विचारलं की ओबामाकेअर, म्हणजे ओबामांच्या काळातला आरोग्यविम्याचा कायदा, त्याऐवजी आणायची तुमची योजना तयार आहे का. उत्तर मिळालं, योजनेच्या संकल्पना आहेत. आणि ज्याची आठवण लोकांनी महिनाभर काढली ते ट्रम्प यांचं वाक्य ओहायोतल्या स्प्रिंगफील्डमध्ये स्थलांतरित लोक पाळीव कुत्री-मांजरं खातात, हे होतं. त्याला पुरावा नाही हे सूत्रसंचालकाला तिथल्या तिथे सांगावं लागलं. ठरलेल्या अपक्षाला त्या रात्री मजा आली असणार. आपला कसा बोलला, समोरचा कसा घसरला, हे मोजायला त्याला भरपूर मिळालं. हप्त्याचा विचार करत बसलेल्याच्या हाती काही लागलं नाही.

उलट उदाहरणही आहे. ऑक्टोबर 1992 मध्ये रिचमंडला झालेल्या अध्यक्षपदाच्या वादविवादात पहिल्यांदाच, कुणालाही बांधील नसलेले सुमारे 200 मतदार सभागृहात बसवून त्यांनाच प्रश्न विचारू दिले. एका बाईंनी विचारलं की देशावरच्या कर्जाचा तुमच्या स्वतःच्या आयुष्यावर काय परिणाम झाला. त्याच सुमारास तेव्हाचे अध्यक्ष, थोरले बुश घड्याळाकडे बघताना कॅमेऱ्यात सापडले, आणि उत्तर देताना ते प्रश्नातच अडकले. त्यांचे प्रतिस्पर्धी बिल क्लिंटन पुढे चालत गेले आणि त्यांनी आधी बाईंनाच विचारलं, तुमच्यावर काय परिणाम झाला? यात नाटक नव्हतं असं मी म्हणणार नाही. पण प्रश्न ऐकून घेतला होता. त्या मंचावर तिसरे होते अपक्ष उमेदवार रॉस पेरो. त्यांना देशभरात जवळपास 19 टक्के मतं मिळाली आणि निर्वाचक एकही नाही. 2000 पासून चाचण्यांत 15 टक्के पाठिंबा असल्याशिवाय अशा वादविवादांत प्रवेशच नाही, त्यामुळे तेव्हापासून तिसरा माणूस मंचावर दिसलेला नाही.

नेवाडात मतपत्रिकेवर 1970 च्या दशकापासून 'यांपैकी कुणीही नाही' हा पर्याय आहे, आपल्या 'नोटा'च्या कितीतरी आधीपासून. 2016 मध्ये तिथे तो 28 हजारांहून जास्त लोकांनी निवडला, आणि हिलरी क्लिंटन तिथे जिंकल्या त्या 27 हजारांच्या फरकाने. बाकी देशात काठावरून न उतरलेल्याला अध्यक्षपदाची जागा कोरी सोडून खालच्या पदांना मतं देता येतात. ती मतं बाद होत नाहीत, हे कितीतरी जणांना सांगावं लागतं.

अपक्षांसाठी मात्र एक काम वेळेवर करण्यासारखं आहे. पेनसिल्व्हेनियात असाल आणि उमेदवार ठरवायलाही हात लावायचा असेल, तर प्राथमिक फेरीच्या किमान 15 दिवस आधी पक्षाची नोंद बदलून घ्या. न्यू जर्सीत एडिसनकडे वगैरे राहत असाल आणि आजवर पक्ष लावला नसेल, तर मतदानाच्या दिवशी केंद्रावर सांगूनही चालतं. फक्त त्यानंतर यादीत तुमच्या नावापुढे तो पक्ष लागतो, आणि नको असेल तर पुन्हा अर्ज करून काढावा लागतो.