वैद्यकीय परिभाषेतील ग्रीक शब्दघटक

रोग, तपासण्या आणि शस्त्रक्रिया यांची नावे ज्यांपासून घडतात ते मूळ ग्रीक भाषेतील उपसर्ग, शब्दमुळे व प्रत्यय. कॉस बेटावरच्या हिपॉक्राटीझ या प्राचीन ग्रीक वैद्याच्या नावाने चालत आलेले ग्रंथ ग्रीकमध्ये होते. इ. स. दुसऱ्या शतकातील गेलेन या वैद्याचे लेखनही ग्रीकच, त्यामुळे रोमन साम्राज्यातही वैद्यकावर त्याच भाषेचा पगडा राहिला. पुढे अवयवांची नावे बहुतांशी लॅटिनमध्ये स्थिरावली, रोगांची व शस्त्रक्रियांची मात्र ग्रीकमध्ये. म्हणूनच मूत्रपिंडाची रोहिणी (आर्टरी, म्हणजे हृदयाकडून रक्त नेणारी वाहिनी) ‘रीनल’ असते, पण त्याच मूत्रपिंडाला सूज आली की ‘नेफ्रायटिस’ होतो.

रुग्णाला घरी सोडताना मिळालेल्या कागदावर ‘लॅपरोस्कोपिक कोलेसिस्टेक्टॉमी’ असे लिहिलेले दिसले, तर दडपून जायचे कारण नाही. शब्द फोडून वाचावा. ‘लापारा’ म्हणजे कूस, ‘स्कोपेइन’ पाहणे, ‘खोले’ पित्त, ‘किस्टिस’ पिशवी, ‘एक’ बाहेर आणि ‘टोमे’ कापणे. घरातली माणसे शेजाऱ्यांना ‘दुर्बिणीतून पित्ताची पिशवी काढली’ असे सांगतात, तेच हे.

असे शब्द शेवटाकडून वाचणे सोपे जाते. ‘टॉमी’ म्हणजे छेद, ‘एक्टॉमी’ म्हणजे कापून काढणे आणि ‘स्टॉमी’ म्हणजे नवे तोंड करून ठेवणे. कोलोस्टॉमीत मोठ्या आतड्याचे तोंड पोटावर उघडतात. ‘आयटिस’चा मूळ अर्थ ‘अमुक अवयवाचा’ एवढाच होता. ‘आर्थ्रायटिस नोसोस’ म्हणजे सांध्यांचा आजार. त्यातला आजारवाचक ‘नोसोस’ गळून गेला आणि उरलेल्या प्रत्ययाला दाहाचा अर्थ चिकटला. मराठी परिभाषेत त्यासाठी ‘शोथ’ वापरतात: संधिशोथ (सांध्यांचा), वृक्कशोथ (मूत्रपिंडाचा).

सर्वांत जपून वाचावेत असे दोन उपसर्ग म्हणजे ‘हायपर’ आणि ‘हायपो’. हायपरग्लायसीमियात रक्तातली साखर वाढलेली असते, हायपोग्लायसीमियात ती घसरलेली. दुसऱ्या स्थितीत शुद्धीवर असलेल्या रुग्णाला ताबडतोब साखर द्यावी लागते, पहिलीत तीच साखर अपाय करते. मराठी वाचकाला इथे एक हक्काचा आधार आहे. ग्रीक आणि संस्कृत एकाच भाषाकुळातल्या असल्याने ‘हायपर’ हा ‘उपरि’चा सख्खा भाऊ आहे, वर, जास्त, हे त्याच्यात ऐकूच येते. ‘पेरि’ आणि ‘परि’, ‘ऑस्टिऑन’ आणि ‘अस्थि’, ‘गोनू’ आणि ‘जानु’ याही अशाच जोड्या. ‘हेपार’ आणि ‘यकृत्’ कानाला परके वाटतात, तरी मूळ एकच. शाळेत संस्कृत शिकलेल्या मुलांना ही नाती दाखवून दिली तर पाठांतराचे निम्मे ओझे उतरेल.

काही शब्दांत जुन्या समजुती गोठून राहिल्या आहेत. ‘आर्टरी’ हे नाव ज्यावरून आले त्या ‘आर्टेरिया’ हवा वाहून नेतात असे प्राचीन ग्रीक वैद्य मानत, कारण प्रेतात त्या रिकाम्या आढळत. त्यांत रक्त असते हे गेलेनने दाखवले, नाव मात्र बदलले नाही. नवे शब्दही याच साच्यातून निघाले: 1816 मध्ये लाएनेक या फ्रेंच वैद्याने शोधलेल्या नळीच्या ‘स्टेथोस्कोप’ या नावात ‘स्टेथोस’ म्हणजे छाती आहे. ‘मायग्रेन’ हा तर ‘हेमिक्रानिया’चा, म्हणजे ‘अर्ध्या कवटी’चा, फ्रेंच तोंडी झिजलेला अवशेष, मराठीत त्याच दुखण्याला अर्धशिशी म्हणतात.