दंतपूरण

किडलेल्या किंवा तुटलेल्या दातातील पोकळी साफ करून तीत टिकाऊ द्रव्य भरण्याची क्रिया. व्यवहारात ‘चांदी भरणे’ किंवा ‘सिमेंट भरणे’ म्हणतात ती हीच. दंतवल्कात (दाताच्या कठीण कवचात) जिवंत पेशी नसल्याने त्याला पडलेले भोक आपोआप बुजत नाही.

या क्रियेचा उगम वादग्रस्त आहे. बलुचिस्तानातील मेहरगढ येथे नऊ व्यक्तींच्या अकरा दाढांना गारगोटीच्या सामत्याने पाडलेली भोके आढळली. त्यांचा काळ सुमारे ९००० ते ७५०० वर्षांपूर्वीचा मानतात. भोकांच्या कडा चघळण्याने झिजलेल्या आहेत, म्हणजे त्या व्यक्ती नंतरही जगल्या. मात्र भरणद्रव्याचा पुरावा नाही व कीड मोजक्याच दाढांत दिसते. त्यामुळे येथे छिद्रण निश्चित, पूरण नाही, असेच म्हणणे सयुक्तिक वाटते. स्लोव्हेनियातील लोंचे येथील सुमारे ६५०० वर्षांपूर्वीच्या सुळ्यावर मधमाश्यांचे मेण सापडले. पण ते जिवंतपणी भरले की मृत्यूनंतर लागले, हे ठरलेले नाही.

सुश्रुताने ‘कृमिदंतक’ (कृमी दात पोखरतात या समजुतीवरून पडलेले नाव) हा दंतरोग सांगितला आहे; मराठीतील ‘कीड’ हा शब्दही त्याच समजुतीतला. वाग्भटाने (बहुधा सातवे शतक) पोकळ दातात गूळ किंवा मेण भरून डागण्यास सांगितले आहे. काही लेखक यालाच दंतपूरण म्हणतात. पण तेथे गूळ आणि मेण डागणीचे माध्यम आहेत, कायमचे भरण नव्हे. सप्तपर्ण व रुईच्या चिकाने पोकळी भरण्याचा त्याच ठिकाणचा उपाय मात्र पूरणाच्या अधिक जवळचा आहे.

पारा व चांदीच्या मिश्रणाचा (पारदमेल) उल्लेख चीनमध्ये ६५९ च्या औषधिग्रंथात असल्याचे सांगतात. पाश्चात्त्य प्रसार १८२६ च्या सुमारास पॅरिसमधून झाला. १८३३ मध्ये क्रॉकूर बंधूंनी न्यूयॉर्कमध्ये नाण्यांचा कीस व पारा यांचे मिश्रण, कीड न खरवडताच, दातांत दाबले. त्यातून उठलेल्या वादात १८४० मध्ये स्थापन झालेली अमेरिकन दंतशल्यवैद्यांची संस्था पारदमेलविरोधी शपथेपायी फुटली व १८५६ मध्ये विसर्जित झाली. खरा दोष द्रव्याचा कमी, पोकळी न साफ करण्याचा अधिक होता. अमेरिकन दंतवैद्य ग्रीन वर्दिमन ब्लॅक यांनी १८९० च्या दशकात मिश्रधातूचे प्रमाण व पोकळीचा आकार शास्त्रशुद्ध केला.

पूर्वी दंतवैद्य काचेच्या लहान खलात मिश्रधातूचा कीस व पारा घोटत, जादा पारा कापडातून पिळून काढत आणि मऊ गोळी थराथराने दाबत. दाबताना बारीक करकर ऐकू येई. पूर्ण मजबुती यायला सुमारे चोवीस तास लागत, म्हणून त्या दिवशी त्या बाजूने चावू देत नसत.

कीड संपूर्ण खरवडावी हा जुना नियम आता शिथिल झाला आहे. दंतमज्जेजवळचा (दाताच्या आतील जिवंत, मऊ भागाजवळचा) किडका मऊ थर राखतात. मात्र कडा स्वच्छ व घट्ट बंद हव्यातच. दातास चिकटणारी रेझिनची (प्लॅस्टिकसारख्या द्रव्याची) भरणे १९५५ मधील आम्लकोरणीच्या (दंतवल्क आम्लाने खरबरीत करण्याच्या) शोधातून पुढे आली. पाऱ्याविषयीचा मिनामाता करार २०१७ पासून लागू असून, २०२२ च्या निर्णयानुसार दुधाच्या दातांत, पंधरा वर्षांखालील मुलांत आणि गर्भवती व स्तनदा स्त्रियांत पारदमेल, दंतवैद्यास अत्यावश्यक वाटल्याखेरीज, वापरू नये असे ठरले.