दिनविशेषांची आकडेवारी (अमेरिका)

राष्ट्रीय दिन, सण किंवा एखाद्या समाजाच्या वारशाचा महिना जवळ आला की त्या निमित्ताशी जुळणारी लोकसंख्येची व उद्योग-व्यवसायांची सरकारी आकडेवारी निवडून प्रसिद्ध करण्याची प्रथा. अमेरिकेच्या सेन्सस ब्यूरोची (जनगणना करणाऱ्या सरकारी संस्थेची) ‘फॅक्ट्स फॉर फीचर्स’ ही पत्रकमाला याचे ठळक उदाहरण. फेब्रुवारीतील कृष्णवर्णीयांच्या इतिहासाचा महिना, मार्चमधील स्त्री-इतिहासाचा महिना, १५ सप्टेंबरपासूनचा हिस्पॅनिक (स्पॅनिशभाषक वारशाच्या लोकांचा) वारसा महिना, ११ नोव्हेंबरचा माजी सैनिक दिन, शिवाय व्हॅलेंटाइन डे आणि हॅलोविनही तिच्यात येतात. वृत्तपत्रांना लेख तयार करायला सवड मिळावी, म्हणून पत्रके आधीच निघतात.

यासाठी वेगळी मोजणी होत नाही. दशवार्षिक जनगणना, दरवर्षी सुमारे ३५ लाख पत्त्यांवर जाणारे अमेरिकन कम्युनिटी सर्वेक्षण, दर पाच वर्षांनी होणारी आर्थिक गणना अशा साठ्यांतूनच आकडे वेचले जातात. भोपळे किंवा टर्की पक्ष्यांच्या उत्पादनाचे आकडे कृषी खात्याकडून येतात. ४ जुलैच्या, म्हणजे अमेरिकेच्या स्वातंत्र्यदिनाच्या पत्रकात १७७६ची लोकसंख्या सुमारे २५ लाख दिली जाते. तो अंदाज आहे, कारण पहिली जनगणना १७९० मध्ये झाली. तिच्यात ३९,२९,२१४ माणसे मोजली गेली.

या प्रथेचे खरे मोल आजी-आजोबा दिनाला दिसते. १९७८ मध्ये मान्यता मिळालेला हा दिवस अमेरिकेतील कामगार दिनानंतरच्या (सप्टेंबरच्या पहिल्या सोमवारनंतरच्या) पहिल्या रविवारी येतो. सोबत राहणाऱ्या अठरा वर्षांखालील नातवंडांचा सांभाळ आजी-आजोबांवरच आहे का, हा प्रश्न १९९६ च्या कायद्यामुळे २००० च्या जनगणनेत आला आणि आता वार्षिक सर्वेक्षणात विचारला जातो. यातून किती वृद्ध पुन्हा पालक झाले आहेत, त्यांपैकी किती अजून नोकरी करतात आणि किती दारिद्र्यरेषेखाली आहेत, हे कळते. एरवी तक्त्यांत पडून राहणारी ही माहिती त्या दिवशी घरोघरच्या वर्तमानपत्रात पोचते. व्हॅलेंटाइन डेच्या पत्रकातील चॉकलेट कारखान्यांची संख्या वाचायला गोड वाटते, पण तिने एवढे काम होत नाही.

व्यवसायांचे आकडे वाचताना जपावे लागते. ‘काउंटी बिझनेस पॅटर्न्स’ या वार्षिक मालिकेत पगारी कर्मचारी असलेल्या आस्थापनाच मोजल्या जातात. एकट्याने फुलांचे दुकान चालवणारा त्यात येत नाही. त्याची नोंद पगारी कर्मचारी नसलेल्या व्यवसायांच्या वेगळ्या मालिकेत असते. शिवाय सर्वेक्षणाचे आकडे नमुन्यावर आधारलेले असल्याने त्यांत चूक संभवते, तशी टीप पत्रकाखाली असते.

सर्वांत मोठा फरक व्याख्येने पडतो. २००० च्या जनगणनेपासून एकाहून अधिक वंश नोंदवता येतात. २०२० मध्ये फक्त अमेरिकन इंडियन (भारतीय नव्हे, अमेरिकेचे मूलनिवासी) किंवा अलास्काचे मूलनिवासी अशी नोंद करणारे सुमारे ३७ लाख होते. अन्य वंशासह तशी नोंद करणारे धरले तर संख्या सुमारे ९७ लाख होते. नोव्हेंबरमधील मूलनिवासी वारसा महिन्यात यांपैकी कोणताही एक आकडा व्याख्येविना छापणे वाचकाची दिशाभूल करणारे ठरते.