दाबमर्दन

बोटे, अंगठा, तळहात किंवा कोपर स्नायूवर टेकवून, जागचे न हलवता काही काळ दाब देण्याच्या मालिशपद्धतीला दाबमर्दन म्हणतात. घरोघरी अंग चेपतात तो याचाच साधा प्रकार. चोळताना हात सरकावा म्हणून तेल लावतात. इथे तेलामुळे अंगठा निसटतो, म्हणून ते टाळलेलेच बरे. जपानच्या शिआत्सू पद्धतीचे नावच ‘बोटांचा दाब’ असे आहे.

मान आणि खांदा यांच्यामधल्या जाड स्नायूत बऱ्याचदा वाटाण्याएवढी कडक, दुखरी जागा हाताला लागते. ती दाबली की कळ मानेतून कानशिलापर्यंत चढते. अशा जागांना ट्रिगर पॉइंट म्हणतात. जॅनेट ट्रॅव्हेल आणि डेव्हिड सायमन्स या डॉक्टरांनी 1983 मध्ये त्यांचे सविस्तर नकाशे प्रसिद्ध केले.

अशा गाठीवर अंगठा टेकवून चार-पाच सेकंदांत दाब हळूहळू वाढवावा. दुखणे दहापैकी पाच-सहापर्यंत पोचले की तिथेच थांबावे आणि 30 ते 60 सेकंद दाब धरून ठेवावा. गाठ अंगठ्याखाली सैलावल्यासारखी वाटते. मग दाब तितक्याच सावकाश सोडावा. एका जागी दोन-तीन वेळा पुरे. जोर मनगटातून लावू नये. हात सरळ ठेवून अंगाचा भार पुढे द्यावा, नाहीतर मालिश करणाऱ्याचाच अंगठा दुखावतो.

जास्त जोर म्हणजे जास्त गुण, हा समज सर्वांत नडतो. एकदम दाबले की स्नायू उलट आवळतो आणि दुसऱ्या दिवशी काळानिळा डाग उमटतो. समोरच्याने श्वास रोखला किंवा पायाची बोटे आखडली, की दाब कमी करावा.

वेदना कमी होणे, आखडलेली मान काही काळ मोकळी वळणे, मन शांत होणे हे याचे मुख्य फायदे. मनगटाच्या आतल्या बाजूला, घडीपासून तीन बोटे कोपराकडे, दोन शिरांसारख्या स्नायुबंधांमधल्या जागेवर दिलेल्या दाबाने शस्त्रक्रियेनंतरची मळमळ कमी होते, असे चाचण्यांत दिसले आहे. शरीरातील ‘विषे’ बाहेर पडतात, या दाव्याला मात्र आधार नाही.

गळ्याची पुढची बाजू, काख आणि गुडघ्यामागचा खळगा इथे खोल दाब देऊ नये. तिथे मोठ्या रक्तवाहिन्या व नसा वरवर असतात. रक्त पातळ करणारी औषधे चालू असतील किंवा हाडे ठिसूळ असतील, तर आधी डॉक्टरांना विचारावे. एकाच पायाची पोटरी सुजून गरम आणि दुखरी झाली असेल, तर तिला हातही लावू नये. आत रक्ताची गुठळी असू शकते आणि ती सुटून फुप्फुसात अडकली तर जिवावर बेतते.