कंपनीने बदललेलं काम आणि माणसाने बदललेलं काम

‘जॉब एन्रिचमेंट’ आणि ‘जॉब क्राफ्टिंग’ हे दोन शब्द एचआरच्या बैठकांमध्ये एका दमात उच्चारले जातात. दोन्हींत कामाचं स्वरूप बदलतं आणि दोन्हींकडून अपेक्षा एकच असते, की माणसं टिकावीत. पण पहिल्यात काम बदलतं व्यवस्थापन आणि दुसऱ्यात ते करणारा माणूस स्वतः. कोण राहतं आणि कोण राजीनामा देतं, याचा बराचसा उलगडा या एका फरकातून होतो.

एन्रिचमेंटची गोष्ट जुनी आहे. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ फ्रेडरिक हर्झबर्ग यांनी १९६८ मध्ये ‘हार्वर्ड बिझनेस रिव्ह्यू’मध्ये ठासून मांडलं होतं, की एका कंटाळवाण्या कामाला तसलंच दुसरं जोडून काही साधत नाही, माणसाच्या हाती जबाबदारी आणि निर्णयाचा अधिकार द्यावा लागतो. त्याचा मोठा प्रत्यक्ष प्रयोग स्वीडनमध्ये व्होल्व्होने केला. माणसं असेंब्ली लाइनला कंटाळून नोकरी सोडत होती, गैरहजेरी वाढत होती. म्हणून १९७४ साली काल्मारला नेहमीची लाइन नसलेला नवा कारखाना सुरू करून गटांकडे काम सोपवलं गेलं. पुढे १९८९ मध्ये सुरू झालेल्या उडेवाल्लाच्या कारखान्यात तर छोटा गट अख्खी गाडी जोडू लागला. गाड्यांची विक्री घसरल्यावर १९९३ मध्ये उडेवाल्ला आणि १९९४ मध्ये काल्मार बंद झालं. काम व्यवस्थापनाने नव्याने आखलं आणि ते थांबवण्याचा निर्णयही व्यवस्थापनाचाच. कामगार त्या आखणीत कितीही रमला, तरी तिचा कर्ता तो नव्हता.

क्राफ्टिंगमध्ये कागदावर काहीच बदलत नाही. एमी रझेस्नेव्स्की आणि जेन डटन या संशोधकांनी २००१ मध्ये ही कल्पना मांडली, तेव्हा त्यांच्यासमोर अमेरिकेतल्या एका रुग्णालयातले सफाई कर्मचारी होते. सगळ्यांची जबाबदारी एकच. तरी त्यांतले काहीजण रुग्णांशी बोलायचे, भेटायला आलेल्या नातेवाइकांना वाट दाखवायचे, परिचारिकांची धावपळ पाहून आपल्या कामाची वेळ पुढे-मागे करायचे. आपण रुग्ण बरा होण्याला हातभार लावतो, असं ते स्वतःच्या कामाबद्दल मानत. म्हणजे त्यांनी तीन गोष्टी बदलल्या होत्या: काय करायचं, कुणाशी संबंध ठेवायचा आणि कामाकडे कसं पाहायचं. तयार कपडा आपल्या मापाने बेतून घ्यावा, तसं.

त्याच कर्मचाऱ्यांमधल्या दुसऱ्या गटाबद्दल मात्र सहसा कुणी सांगत नाही. त्यांनीही काम स्वतःच बेतलं होतं, पण ते कापत कापत. नेमून दिलेलं तेवढंच करायचं, कमीत कमी लोकांशी बोलायचं. मला हा गट तितकाच महत्त्वाचा वाटतो, कारण नोकरीत टिकण्याचा प्रश्न इथेच फाटे फोडतो. पुढे मारिया टिम्स, आर्नोल्ड बाकर आणि डाँटिए डर्क्स यांनी २०१२ मध्ये क्राफ्टिंग मोजायची प्रश्नावली केली. तिच्यात शिकण्याच्या संधी वाढवणं, सहकाऱ्यांचा आणि साहेबांचा आधार मिळवणं, आव्हानं अंगावर घेणं यांच्या जोडीला अडचणीचा भार कमी करणं हा चौथा प्रकारही होता. नंतर २०१७ मध्ये रुडॉल्फ आणि सहकाऱ्यांनी वेगवेगळ्या अभ्यासांतल्या १२२ कर्मचारी-गटांचे निष्कर्ष एकत्र तपासले. पहिल्या तीन प्रकारांचा संबंध कामातला रस आणि समाधान यांच्याशी दिसला. चौथ्याचा मात्र ताण आणि नोकरी सोडण्याचा विचार यांच्याशी.

यावरून भार कमी केल्याने माणूस नोकरी सोडतो, असं म्हणता येत नाही. उलटही असू शकतं: ज्याचं मन आधीच उडालं आहे, तो आधी बैठका टाळतो, मग अवघड ग्राहक दुसऱ्याकडे ढकलतो, मग दुसरीकडे अर्ज करतो. शिवाय नोकरी सोडण्याचा विचार आणि प्रत्यक्ष राजीनामा यांत घराचे हप्ते, मुलांची शाळा असं बरंच काही उभं असतं. तरीही ‘आमचे लोक स्वतःचं काम स्वतः घडवतात’ एवढं ऐकून कुणी निर्धास्त होऊ नये. ते काय जोडताहेत आणि काय कापताहेत, हे पाहायला हवं.

आता जोडणाऱ्यांकडे वळू. २००१ मध्येच टेरेन्स मिचेल आणि सहकाऱ्यांनी माणसं नोकरीत का राहतात याची तीन कारणं मांडली: जुळणं, माणसांशी असलेले धागे आणि सोडल्यास गमवावं लागणारं काही. समजा, पुण्यातल्या एखाद्या बँकेच्या शाखेतली क्लार्क ज्येष्ठ ग्राहकांना मोबाइल बँकिंग शिकवू लागली. काम तिच्या आवडीशी जुळलं, ग्राहकांशी धागे जुळले आणि बदली मागितली तर हे सगळं सोडावं लागेल. तिन्ही कारणं तिने स्वतःच पक्की केली. कंपनीने दिलेल्या समृद्ध कामात असं जुळणं नशिबावर असतं, कारण तिथे सगळ्यांना एकच माप असतं.

पण तिचं हे काम केआरएमध्ये, म्हणजे नेमून दिलेल्या जबाबदाऱ्यांच्या यादीत, नाही. नवा मॅनेजर आला आणि त्याने विचारलं, “मॅडम, काउंटर सोडून तुम्ही इथे काय करताय?” तर एका वाक्यात ते संपतं. कंपनीने आखलेलं काम मोडायला निदान एक परिपत्रक तरी काढावं लागतं. अशा वेळी माणूस जातो, तेव्हा नोकरी सोडताना होणाऱ्या एक्झिट इंटरव्ह्यूमध्ये पगाराचं कारण लिहिलं जातं आणि खरं कारण कुणालाच कळत नाही. यात मला मोठा अन्याय वाटतो.

बर्ग, रझेस्नेव्स्की आणि डटन यांनी २०१० मध्ये आणखी एक गोष्ट दाखवली. वरच्या पदावरच्यांना काम बदलताना स्वतःच्याच अपेक्षांची अडचण वाटते, खालच्या पदावरच्यांना नेमून दिलेल्या कामाची आणि इतरांच्या अपेक्षांची. म्हणजे मॅनेजरची ‘असू द्या, चांगलं करताय’ ही मान्यता ज्यांना सर्वांत जास्त लागते, त्यांनाच ती मागणं सर्वांत जड जातं.

यावर सरळसोट उपाय म्हणजे ते काम केआरएमध्ये टाकणं. मला तो धोक्याचा वाटतो. आज बँकेतली ती क्लार्क आपखुशीने पाचजणांना शिकवते. उद्या महिन्याला पन्नासचं टार्गेट लागलं, की क्राफ्टिंगचं पुन्हा एन्रिचमेंट झालं, आणि तेही तिला न विचारता. त्याऐवजी मॅनेजर बदलताना जुन्याने नव्याला प्रत्येकाबद्दल एक ओळ लिहून द्यावी: हा माणूस नेमून दिलेल्याखेरीज काय करतो. अप्रेझलमध्ये त्याची दखल घ्यावी, पण आकडा लावू नये. वेळ लागत असेल तर आठवड्यातले दोन तास मोकळे करून द्यावेत आणि ते कसे वापरायचे, हे त्या माणसावर सोडावं.