आगीच्या प्रसंगी इमारत रिकामी करण्याचे नियोजन

कार्यालय, कारखाना, रुग्णालय, शाळा, नाट्यगृह, मॉल यांसारख्या इमारतीत आग लागल्यास धूर आणि ज्वाळा पोहोचण्यापूर्वी आतील प्रत्येक माणूस सुरक्षित जागी जावा, यासाठी आधीच करून ठेवलेली व्यवस्था. या व्यवस्थेचे तीन भाग पडतात. जिने, दारे, पॅसेज हा वास्तुरचनेचा भाग. धूरशोधक, गजर, वीज गेल्यावरही चालणारे दिवे हा यंत्रणेचा भाग. आणि कोणी हाक द्यायची, कोणी कोणाला सोबत घ्यायचे, बाहेर आल्यावर कोणी हजेरी घ्यायची हा माणसांचा भाग. पहिल्या दोन भागांवर पैसा खर्च होतो आणि ते डोळ्यांना दिसतात. तिसऱ्या भागाला खर्च जवळजवळ नाही, तरीही सर्वाधिक हेळसांड त्याचीच होते. आग विझवणे हे वेगळे शास्त्र आहे. येथे विचार आहे तो फक्त माणसे बाहेर काढण्याचा.

नियोजनाचा पाया दोन कालावधींच्या तुलनेत आहे. आग पेटल्यापासून त्या जागेत माणसाला श्वास घेणे, पाहणे, चालणे अशक्य होईपर्यंतचा काळ हा पहिला, आणि आग पेटल्यापासून शेवटचा माणूस सुरक्षित ठिकाणी पोहोचेपर्यंतचा काळ हा दुसरा. दुसरा काळ पहिल्यापेक्षा पुरेशा फरकाने कमी असला पाहिजे. सपाट जमिनीवर, गर्दी नसताना निरोगी माणूस सेकंदाला साधारण १.२ मीटर चालतो, म्हणजे ३० मीटरच्या वाटेला त्याला अर्धे मिनिटही लागत नाही. मिनिटे खर्च होतात ती त्याआधी, आग लागली आहे हे कळण्यात आणि आता उठून निघायचे आहे हे ठरवण्यात. आगीतील बहुतेक बळी भाजून जाण्याआधी धुराने गुदमरतात. फोम, प्लास्टिक, कृत्रिम धाग्यांचे पडदे यांच्या जळण्यातून कार्बन मोनॉक्साइडसारखे विषारी वायू निघतात, आणि ज्या खोलीत ज्वाळा पोहोचलेलीही नाही तेथील माणूस त्यांनी बेशुद्ध पडू शकतो. तापलेला धूर छतालगत पसरून मग खाली उतरत असल्याने जमिनीजवळची हवा थोडा वेळ तरी श्वास घेण्याजोगी राहते. धुरात सापडल्यास वाकून किंवा रांगत निघावे, असे सांगितले जाते ते यामुळे.

९ मे १९११ रोजी एडिंबरोच्या एम्पायर पॅलेस थिएटरमध्ये खेळ चालू असताना रंगमंचावर आग लागली. अग्निरोधक पडदा खाली आला, वाद्यवृंदाने राष्ट्रगीत वाजवले आणि सुमारे ३,००० प्रेक्षक अडीच मिनिटांच्या आसपास शांतपणे बाहेर पडले. पडद्यामागे मात्र जादूगार लाफायेत याच्यासह काही कलावंत दगावले. त्या रात्रीचा अडीच मिनिटांचा आकडा पुढे ब्रिटिश नियमांत दारांची रुंदी ठरवण्यासाठी दीर्घकाळ वापरला गेला. एका प्रसंगावरून काढलेले माप सरसकट लावणे शास्त्रीय दृष्ट्या कच्चे होते, पण बाहेर पडण्याचा वेळ मोजून त्याप्रमाणे दार बांधायचे ही दृष्टी त्यातून रुजली.

बंद दारांचा इतिहास

या विषयातील जवळजवळ प्रत्येक नियमामागे एक बंद दार आहे. इंग्लंडमधील संडरलंड येथील व्हिक्टोरिया हॉलमध्ये १६ जून १८८३ रोजी आग लागलीही नव्हती. बक्षिसे मिळणार म्हणून सज्जातील मुले जिन्याने खाली धावली आणि जिन्याच्या तळाशी, एका वेळी एकच मूल जाईल इतकी फट ठेवून अडकवलेल्या, आतल्या बाजूला उघडणाऱ्या दारापाशी चेंगरून १८३ मुले मेली. शिकागोच्या इरोक्वॉइस थिएटरमध्ये ३० डिसेंबर १९०३ रोजी ६०२ माणसे मेली. तेथील काही दारे कुलूपबंद होती आणि काहींच्या कड्या कशा उघडतात हे प्रेक्षकांना कळले नाही. त्या दुर्घटनेनंतर कार्ल प्रिन्झलर याच्या पुढाकाराने दाराला आडवी दांडी बसवण्याची युक्ती बाजारात आली. किल्ली न लागता, कडी न शोधता, केवळ अंगाने रेटले तरी उघडणारी ही दांडी आज जगभरच्या चित्रपटगृहांत आणि मॉलमध्ये दिसते. न्यूयॉर्कच्या ट्रँगल शर्टवेस्ट या कपड्यांच्या कारखान्यात २५ मार्च १९११ रोजी १४६ कामगार मेले, त्यांत बहुतेक तरुण मुली. नवव्या मजल्यावरील एका जिन्याचे दार कुलूप लावून बंद केलेले होते आणि अग्निशमन दलाच्या शिड्या सहाव्या मजल्यापर्यंतच पोहोचत होत्या.

चोरीच्या भीतीने, फुकट्या प्रेक्षकाच्या भीतीने किंवा कामगार मध्येच बाहेर जाईल या भीतीने लावलेले कुलूप हे भारतातही अपरिचित नाही. दिल्लीच्या उपहार चित्रपटगृहात १३ जून १९९७ रोजी तळाच्या वाहनतळाजवळील ट्रान्सफॉर्मरच्या आगीचा धूर वर चढला आणि ५९ प्रेक्षक गेले. बाल्कनीत जादा खुर्च्या बसवण्यासाठी बाहेर पडण्याची एक वाट बुजवलेली होती. मुंबईत लोअर परळच्या कमला मिल्स आवारात २९ डिसेंबर २०१७ च्या मध्यरात्रीनंतर गच्चीवरील उपाहारगृहांत आग लागून १४ जण मेले, त्यांतील अनेकांचे मृतदेह प्रसाधनगृहाच्या भागात सापडले. धूर आणि अंधार यांत बाहेरचा रस्ता न दिसल्यास माणूस दार लावून घेता येईल अशा जवळच्या जागेत शिरतो. अशा जागेवरून बाहेरचा मार्ग ठळक दिसेल अशी खूण नसणे हा नियोजनातील दोष आहे. घाबरलेल्या माणसाला त्याबद्दल बोल लावता येत नाही.

माणसे मोजणे आणि वाटा मोजणे

भारतात या कामाचा तांत्रिक आधार म्हणजे राष्ट्रीय इमारत संहिता, २०१६ हिचा आग व जीवसुरक्षेविषयीचा चौथा भाग. त्यात वापरानुसार माणशी क्षेत्रफळ गृहीत धरले आहे. कार्यालयांसाठी ते १० चौरस मीटर आहे. माणसांच्या संख्येला जिन्यासाठी माणशी १० मिलिमीटर या हिशेबाने गुणले की लागणारी एकूण रुंदी निघते. समजा एका मजल्याचे क्षेत्रफळ १,२०० चौरस मीटर आहे. नकाशाप्रमाणे तेथे १२० माणसे धरली जातील आणि दीड मीटर रुंदीचे दोन जिने गरजेपेक्षा कितीतरी जास्त वाटतील. पण त्याच मजल्यावर पुढे कॉल सेंटर आले आणि टेबलाला टेबल लावून ३०० माणसे बसू लागली, की दोन्ही जिन्यांची मिळून ३ मीटर रुंदी जेमतेम पुरते. शिवाय त्यांतल्या एका जिन्यात धूर शिरला तर अर्धीच वाट उरते. म्हणून नियोजनकर्त्याने नकाशातील आकडा पुरेसा मानू नये, सर्वाधिक गर्दीच्या वेळी प्रत्यक्ष माणसे मोजावीत आणि एक वाट गेली असे धरून हिशेब पुन्हा करावा. भाडेकरू बदलला, पाळी वाढली, पार्टिशन टाकले की हा हिशेब शिळा होतो.

दुसरे माप अंतराचे. मजल्यावरील कोणत्याही जागेपासून संरक्षित जिन्यापर्यंतची वाट बहुतेक वापरांसाठी ३० मीटरच्या आत असावी लागते, आणि हे अंतर भिंती व टेबले चुकवत प्रत्यक्ष चालण्याचे धरायचे असते. दोन जिने एकमेकांपासून दूर असावेत, नाहीतर एकच धूर दोन्ही बुजवतो. दार बाहेर जाण्याच्या दिशेने उघडावे आणि त्याची रुंदी किमान एक मीटर असावी. जिन्याचे अग्निरोधक दार आपोआप बंद होणारे असते. हवा यावी म्हणून त्याला वीट किंवा कुंडी लावून उघडे ठेवले, तर आगीच्या वेळी तो जिना धुराच्या चिमणीचे काम करतो. आपल्याकडच्या कचेऱ्यांत पॅसेजमध्ये पोलादी कपाटे, मोडक्या खुर्च्या, बांधून ठेवलेल्या फायलींचे गठ्ठे आणि जिन्याखाली पाण्याचे रिकामे जार हे दृश्य नेहमीचे आहे. यातील एकही वस्तू इमारतीच्या मंजूर नकाशात नसते.

बाहेर पडण्याच्या मार्गावर लावली जाणारी, दारातून धावणाऱ्या माणसाची हिरवी खूण जपानी रचनाकार युकिओ ओता याच्या आराखड्यावरून आली. ती वाचावी लागत नाही, त्यामुळे भाषेचा अडसर राहत नाही. तोंडी घोषणेचे मात्र तसे नाही. नुसता गजर वाजला तर माणसे एकमेकांच्या तोंडाकडे पाहतात, चाचणी चालू असेल असे समजतात, संगणक बंद करतात, बॅग भरतात. कुठे आग आहे, कोणत्या जिन्याने उतरायचे, लिफ्ट वापरायची नाही, एवढे स्पष्ट शब्दांत, तेथील कामगारांना कळणाऱ्या भाषेत सांगितले की हालचाल लवकर होते. ढाक्याजवळील ताझरीन फॅशन्स कारखान्यात २४ नोव्हेंबर २०१२ रोजी आग लागली तेव्हा गजर वाजल्यानंतरही पर्यवेक्षकांनी कामगारांना काम सोडू दिले नाही, असे वाचलेल्यांनी सांगितले. किमान ११२ कामगार मेले. त्यामुळे लेखी आराखड्यात एक वाक्य असलेच पाहिजे, की गजर वाजल्यावर काम थांबवण्यासाठी कोणाच्याही परवानगीची गरज नाही.

उंच इमारतीत सर्वांना एकदम जिन्यात सोडले तर कोंडी होते आणि वर चढणाऱ्या जवानांची वाट अडते. तेथे आगीचा मजला आणि त्यालगतचे मजले आधी, बाकीचे नंतर, अशी टप्प्याटप्प्याने रिकामी करण्याची पद्धत वापरतात. २४ मीटरहून उंच इमारतींत ठरावीक अंतराने आश्रयक्षेत्र, म्हणजे बाहेरच्या हवेकडे उघडणारी मोकळी जागा, ठेवावी लागते. मुंबईत ती ‘रेफ्यूज एरिया’ म्हणूनच ओळखली जाते, आणि ती बंदिस्त करून गोदाम किंवा खोली म्हणून वापरल्याच्या तक्रारी वारंवार येतात.

रुग्णालये

जेथील माणसे स्वतः चालू शकत नाहीत तेथे वरचा सगळा हिशेब बदलतो, आणि महाराष्ट्राला हे फार मोठी किंमत देऊन कळले आहे. ९ जानेवारी २०२१ च्या पहाटे भंडारा जिल्हा रुग्णालयाच्या नवजात अर्भक अतिदक्षता कक्षात आग लागून १० बाळे गेली, ७ वाचवता आली. त्याच वर्षी २३ एप्रिलला विरारमध्ये आणि ६ नोव्हेंबरला अहमदनगरमध्ये अतिदक्षता विभागांतील कोविड रुग्ण आगीत मेले. कोलकात्याच्या एका खासगी रुग्णालयात ९ डिसेंबर २०११ रोजी तळघरातील आगीचा धूर वरच्या मजल्यांवर पसरून सुमारे ९० जण दगावले होते.

अतिदक्षता विभागातील रुग्णाला जिन्याने उतरवणे जवळजवळ अशक्य असते. म्हणून रुग्णालयात पहिला टप्पा आडव्या स्थलांतराचा असतो. मजला अग्निरोधक भिंतीने व दारांनी किमान दोन कप्प्यांत विभागायचा आणि पेटलेल्या कप्प्यातील रुग्ण खाटेसह त्याच मजल्यावरील दुसऱ्या कप्प्यात ढकलत न्यायचे. जिना हा त्यानंतरचा, तोही गरज पडली तरचा टप्पा. यासाठी दारे खाटेच्या रुंदीची हवीत, खाटांची चाके फिरती हवीत, दुसऱ्या कप्प्यातही प्राणवायूचे जोड हवेत. विभागाच्या प्राणवायूचा व्हॉल्व्ह कोठे आहे आणि तो बंद करण्याचा निर्णय कोणी घ्यायचा, हे आधी ठरलेले असावे लागते, कारण प्राणवायूने आग भडकते आणि तो तोडला तर त्यावरचा रुग्ण जातो. अर्भकांसाठी एका परिचारिकेला एका फेरीत अनेक बाळे नेता येतील असे खिशांचे अंगरखे मिळतात. मोठ्यांसाठी ओढत नेण्याच्या चादरी आणि जिन्यावरून सरकणाऱ्या खुर्च्या असतात. सर्वांत कठीण प्रश्न रात्रीच्या मनुष्यबळाचा आहे. दिवसा पंधरा माणसे असलेल्या विभागात रात्री दोन परिचारिका असतील, तर योजना त्या दोघींना पेलेल अशीच लिहिली पाहिजे. भंडाऱ्याची आग रात्रीच्या पाळीतच लागली होती.

कार्यालयांत आणि शाळांतही चाकाच्या खुर्चीवरील, दृष्टिहीन, कर्णबधिर, गर्भवती किंवा वृद्ध व्यक्ती असतात. अशा प्रत्येकासाठी त्याच्याशी बोलून स्वतंत्र योजना करावी आणि मदतीसाठी एका ऐवजी दोन सहकारी नेमावेत, म्हणजे एक रजेवर असला तरी दुसरा असतो.

मांडवासारख्या तात्पुरत्या रचनाही या नियोजनातून सुटत नाहीत. हरियाणातील डबवाली येथे २३ डिसेंबर १९९५ रोजी शाळेच्या स्नेहसंमेलनाच्या मंडपाला आग लागून ४०० हून अधिक माणसे मेली, त्यांत मुले बहुसंख्य होती.

कायदा आणि तालीम

कारखान्यांसाठी २०२५ पर्यंत लागू असलेल्या कारखाने अधिनियम, १९४८ च्या कलम ३८ नुसार सुटकेचे सुरक्षित मार्ग ठेवणे आणि कामगारांना ते परिचित करून देणे बंधनकारक होते. महाराष्ट्रात इतर इमारतींनाही महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम, २००६ लागू होतो. त्यानुसार मालक किंवा भोगवटादाराने परवानाधारक संस्थेकडून तपासणी करून यंत्रणा सुस्थितीत असल्याचे प्रमाणपत्र दर वर्षी जानेवारी आणि जुलैमध्ये सादर करायचे असते. हे प्रमाणपत्र पंप, नळ, गजर यांच्याविषयी बोलते; रात्रपाळीच्या पहारेकऱ्याला मागच्या दाराची किल्ली कोठे आहे हे माहीत आहे का, हे त्यातून कळत नाही. ते तालमीतच कळते.

राष्ट्रीय संहितेने उंच इमारतींत पहिली दोन वर्षे दर तीन महिन्यांनी आणि नंतर दर सहा महिन्यांनी तालीम सुचवली आहे. मुंबई गोदीतील १४ एप्रिल १९४४ च्या स्फोटात ६६ अग्निशमन कर्मचारी मृत्युमुखी पडले. त्यांच्या स्मरणार्थ देशभर १४ ते २० एप्रिल अग्निशमन सेवा सप्ताह पाळला जातो, आणि अनेक कार्यालयांत तालीम होते ती या सप्ताहातच. आधी तारीख जाहीर करून, चांगल्या हवेच्या दिवशी, सर्वांना मुख्य जिन्याने उतरवणारी तालीम फारसे काही शिकवत नाही. एक जिना मुद्दाम बंद ठेवून, जेवणाच्या सुट्टीत किंवा रात्रपाळीत घेतलेली तालीम खरे दोष दाखवते. न्यूयॉर्कच्या वर्ल्ड ट्रेड सेंटरमध्ये १९९३ च्या बॉम्बस्फोटानंतर इमारत रिकामी व्हायला तासन् तास लागले होते. त्यानंतर तेथे जिन्यांत अंधारात चमकणाऱ्या पट्ट्या आल्या, बॅटरीचे दिवे आले, तालमी सुरू झाल्या. ११ सप्टेंबर २००१ रोजी विमाने आदळलेल्या मजल्यांच्या खाली असलेल्यांपैकी ९९ टक्क्यांहून अधिक माणसे बाहेर पडली.

तालमीचा शेवट जमण्याच्या ठिकाणी हजेरीने होतो. ही जागा इमारतीपासून पुरेशी दूर आणि बंबाच्या वाटेत न येणारी हवी. हजेरीच्या यादीत कायम कर्मचाऱ्यांबरोबर कंत्राटी सफाई कामगार, उपाहारगृहातील मुले, त्या दिवशी आलेले अभ्यागत हेही हवेत, म्हणून प्रवेशद्वारावरची नोंदवही बाहेर घेऊन येण्याचे काम एका नेमलेल्या माणसाकडे असावे. बंब येऊन थांबताच अधिकारी पहिल्यांदा विचारतो ते आत कोणी राहिले आहे का, आणि असेल तर कोणत्या मजल्यावर. त्याला मिळणाऱ्या उत्तरावर जवान त्या धुरात शिरतात.