मस्क्यातले मीठ: लोण्याच्या संग्रहालयामागची पार्श्वभूमी

आयर्लंडमधल्या कॉर्क शहरात, शँडन भागात, जुन्या लोणीबाजाराच्या शेजारी लोण्याचे एक छोटे संग्रहालय आहे. लोणी घुसळण्याची लाकडी भांडी, लोणी मळण्याची साधने, जुनी वेष्टने आणि दलदलीत पुरून राहिलेले सुमारे हजार वर्षांपूर्वीचे लोण्याचे भांडे असा तिथला ऐवज. रवी आणि डेरा पाहिलेल्या मुंबईकराला घुसळणे म्हणजे काय हे समजावण्याची गरज नाही. कृष्णाचे लोणी, दहीकाला, विड्याचे पान टाकून कढवलेले तूप हेही इथे गृहीत धरले आहे. कोडे वेगळेच आहे. घरी आपण ज्याला लोणी म्हणतो ते पांढरे आणि अळणी, आणि इराण्याकडे ब्रूनला लावून येतो तो मस्का पिवळा आणि खारट. दोन्ही दुधाचेच. ही फारकत कशी झाली, याचे अर्धे उत्तर कॉर्कला मिळते आणि उरलेले आणंद ते मुंबई या सव्वाचारशे किलोमीटरच्या रेल्वेमार्गावर.

कॉर्कचा भाग थोडक्यात. अठराव्या शतकात इथले लोणी बोटीने वेस्ट इंडीजच्या बेटांपर्यंत जात होते. उष्ण हवेत आठवडेच्या आठवडे टिकायचे तर भरपूर मीठ लागे. १७७० च्या सुमारास व्यापाऱ्यांच्या समितीने बाजाराला शिस्त लावली. पिंप फोडायचे नाही, लांब गिरमिटासारखी सळई आत खुपसून तळापर्यंतचा नमुना काढायचा, वास आणि चव पाहून पहिल्यापासून सहाव्यापर्यंत प्रत ठरवायची आणि तसा शिक्का पिंपावर मारायचा. वर चांगले आणि तळाला खवट अशी लबाडी या सळईमुळे उघडी पडे. एका पिंपात साधारण ५६ पौंड, म्हणजे पंचवीस किलोच्या आसपास माल. पुढे डेन्मार्कचे कमी मिठाचे, यंत्रावर काढलेले ताजे लोणी इंग्लंडच्या बाजारात आले, १८६९ मध्ये फ्रान्समध्ये मार्गारीन निघाले, आणि भरमसाट खारवलेल्या मालाचे दिवस संपले. बाजार १९२४ मध्ये बंद झाला.

मिठाचे गणित मात्र समजून घ्यावे. शंभर ग्रॅम लोण्यात साधारण सोळा ग्रॅम पाणी असते, तेही अतिशय बारीक थेंबांच्या रूपात. मीठ स्निग्धांशात विरघळत नाही, ते या थेंबांतच जाते. दोन ग्रॅम मीठ घातले तर थेंबातल्या पाण्याची खारटी ११ टक्क्यांवर जाते, समुद्राच्या पाण्याच्या तिप्पट. तिथे जिवाणूंचे काही चालत नाही. पण मीठ नीट मळले गेले नाही तर काही थेंब खारट, काही अळणी राहतात. खारट थेंब शेजारचे पाणी ओढून घेतात आणि लोण्यात फिक्या-गडद रेघा उठतात. बुरशी धरते ती अळणी थेंबांतच.

आपल्याकडे ही वेळ आली नाही, कारण लोणी टिकवायचेच नव्हते. दोन-तीन दिवसांचे लोणी साठले की कढवून तूप करायचे. पाणी उडाले, बेरी खाली बसली, प्रश्न मिटला. पद्धतही वेगळी. युरोपात दूध थंड जागी ठेवून वर आलेली मलई काढून घुसळत. म्हशीच्या दुधावर मलई सावकाश चढते आणि मुंबईच्या हवेत तोवर दूध फाटते. त्यापेक्षा दूध तापवून विरजण लावावे आणि सगळे दहीच घुसळावे हे सोयीचे. घुसळायचे पहाटे, कारण तेव्हा दही गार असते. उन्हाळ्यात थंड पाणी आणि थंडीत कोमट पाणी घालण्यामागेही तेच कारण आहे. स्निग्धांशाचा काही भाग घट्ट आणि काही पातळ असला तरच कण एकमेकांना चिकटतात. फार गरम झाले तर लोणी तेलासारखे होऊन ताकात निघून जाते, फार गार असले तर नुसता फेस येतो आणि रवी फिरतच राहते.

संग्रहालयात दिसणाऱ्या आडव्या पिंपाच्या घुसळणीचे तंत्र याच नियमावर चालते, फक्त मोजून. पस्तीस ते चाळीस टक्के स्निग्धांशाची क्रीम रात्रभर गार ठेवायची. पिंप निम्म्याच्या वर भरायचे नाही, नाहीतर क्रीमला आपटायला जागा उरत नाही. तापमान दहा ते तेरा अंश. म्हशीच्या क्रीमला किंचित जास्त चालते. पहिल्या पाच मिनिटांत हवा सुटते, ती झडप उघडून सोडायची. पिंपाला काचेची छोटी खिडकी असते. ती दुधाळलेली असेपर्यंत फिरवत राहायचे. काच एकदम स्वच्छ झाली की कणी पडली. ज्वारीच्या दाण्याएवढी कणी झाल्यावर थांबायचे, ताक काढायचे, ताकापेक्षा एक-दोन अंश गार पाण्याने धुवायचे, मग मीठ आणि मळणी. चाळीस मिनिटांचे हे काम वीस मिनिटांत उरकले तर खूश होऊ नये. क्रीम गरम होती, लोणी गिळगिळीत होणार आणि बराचसा स्निग्धांश ताकासोबत गेला. शंभर किलो स्निग्धांशाचे सव्वाशे किलो लोणी होते. वरचे पंचवीस किलो पाणी, मीठ आणि थोडा दुधाचा अंश. धंद्याचा नफा या पंचवीस किलोंत असतो, म्हणून पाण्याच्या मर्यादेवरून कायदे झाले.

१८७८ मध्ये स्वीडनमध्ये गरगर फिरून मलई वेगळी करणाऱ्या यंत्राचे पेटंट निघाले आणि मलई वर येण्याची वाट पाहणे संपले. भारतात १८८९ मध्ये अलाहाबादला लष्करी दुग्धशाळा सुरू झाली. गोऱ्या पलटणींना पावाला लावायला टेबलावरचे लोणी हवे होते. मुंबईत या मागणीवर उभी राहिली ती मूळची कॉफीच्या धंद्यातली पॉलसन ही खासगी कंपनी. तिने १९३० च्या आसपास आणंदला दुग्धशाळा काढली आणि पुढची पंचवीस वर्षे मुंबईतले बटर म्हणजे त्या कंपनीचे बटर असे समीकरण राहिले. इतके, की ‘मस्का मारणे’ला पर्याय म्हणून ‘पॉलसन मारणे’ हा शब्दप्रयोग बोलीत रुळला. मस्का हा शब्द फारसी, ‘पॉलसन’ एका डब्यावरचा. खुशामतीला दोघेही सारखेच उपयोगी पडले.

त्या बटरची चव कशामुळे होती, हा या विषयातला खरा वादाचा मुद्दा. ते ताज्या क्रीमचे नव्हते. क्रीम साठवली जाई, साठता साठता आंबे, आणि तशा क्रीमचे लोणी निघे. आंबताना लॅक्टिक आम्लाबरोबर डायअसिटिल नावाचे द्रव्य थोडेसे तयार होते. ‘बटरचा वास’ म्हणून आपण जो ओळखतो तो मुख्यतः त्याचा. वर मीठ. पाव, जॅम आणि हे उग्र, खारट लोणी ही सकाळची जोडी दोन पिढ्यांच्या जिभेवर बसली.

मध्यंतरीच्या घडामोडी वाचकांना ठाऊक आहेत. १९४५ मध्ये आणंदचे दूध मुंबईला आणण्याची सरकारी योजना आणि त्याचा मक्ता त्याच कंपनीकडे. १९४६ मध्ये त्याविरुद्ध शेतकऱ्यांचा पंधरा दिवसांचा दूधबंद. त्याच वर्षी १४ डिसेंबरला त्यांच्या सहकारी संघाची, म्हणजे पुढच्या ‘अमूल’ची, नोंदणी. १९४९ मध्ये शहरातल्या म्हशींसाठी आरेची वसाहत. बटरच्या दृष्टीने महत्त्वाची बाब यात दडलेली आहे. म्हशी थंडीत उन्हाळ्याच्या जवळपास दुप्पट दूध देतात, मुंबईची मागणी मात्र वर्षभर सारखी. थंडीतल्या जास्तीच्या दुधाचे करायचे काय? भुकटी आणि बटर. त्यासाठीचा संघाचा कारखाना ३१ ऑक्टोबर १९५५ ला आणंदला सुरू झाला.

या कारखान्याचे बटर ताज्या, गोड क्रीमचे होते. कोणत्याही कसोटीवर ते आधीच्यापेक्षा स्वच्छ. आणि गिऱ्हाइकाला ते फिके लागले. वास नाही, ठसका नाही. ज्यांच्या जिभेला शिळ्या क्रीमची सवय होती, त्यांना ताजे लोणी कच्चे वाटले. त्यावर घेतलेला निर्णय असा की क्रीम ताजीच ठेवायची, पण मीठ वाढवायचे आणि डायअसिटिल बाहेरून घालायचे. थोडक्यात, प्रतिस्पर्ध्याच्या दोषातून आलेली चव स्वच्छ मालात मोजून उतरवायची.

यावर टीका होते ती नैसर्गिक-कृत्रिम अशा ठरावीक भाषेत, आणि ती नेम चुकते. तिसरा मार्ग होता का, हे विचारायला हवे. डेन्मार्कमध्ये पाश्चराइज केलेल्या क्रीमला शुद्ध विरजण लावून, वीस अंशांच्या आसपास रात्रभर ठेवून लोणी काढत. वास आपोआप येतो, क्रीम शिळीही नसते. विरजण लावणे आपल्याला नवे नाही. प्रत्येक घरात ते रोज होते. मग कारखान्यात का नाही? तांत्रिक उत्तर दोन पदरी आहे. एक, आंबलेल्या क्रीमचे ताकही आंबट, आणि आंबट ताक भुकटीच्या यंत्रात चालत नाही. गोड ताक परत वापरता येते, आंबट ओतून द्यावे लागते. दोन, आम्ल आणि मीठ एकत्र आले की साठवणीत लोण्याला मासळीसारखा वास सुटू शकतो. तांब्याच्या भांड्याचा अंश लागला तर लवकरच. थंडीत बनवून उन्हाळ्यात विकायच्या खारट मालासाठी गोड क्रीमच सुरक्षित. तेव्हा निर्णय हिशेबाने बरोबर होता, एवढे मान्य करावे लागते. पण याचा परिणाम असा की विरजणाच्या देशात विरजणाचे टेबल बटर रुजलेच नाही आणि ‘बटर’ म्हणजे खारट हे पक्के झाले.

जुन्या आंबट क्रीमलाही एक कारखानी उपाय होता, तो नोंदवायला हवा. आंबट क्रीम तशीच तापवली तर ती फाटते आणि स्निग्धांश गुठळ्यांत अडकून वाया जातो. म्हणून आधी चुना किंवा खाण्याचा सोडा घालून आंबटपणा उतरवत. जास्त पडला की लोण्याला साबणाची चव. आम्लता उतरते, शिळेपणा उतरत नाही.

रंगाची गोष्ट साधी. गाय चाऱ्यातले कॅरोटिन दुधात उतरवते, म्हैस त्याचे जीवनसत्त्व ‘अ’ करून टाकते, म्हणून म्हशीचे लोणी पांढरेच, कधी किंचित हिरवट झाक असलेले. पिवळा रंग शेंदरीच्या बियांचा. वेष्टनावर ‘अनाटो’ असे लिहिलेले असते ते हेच. साहेबाचे लोणी गाईचे होते, म्हणून मस्का पिवळा.

कायद्याने ही फारकत कागदावरही आणली. टेबल बटरमध्ये किमान ८० टक्के स्निग्धांश, कमाल १६ टक्के पाणी, कमाल ३ टक्के मीठ. भेसळविरोधी नियमांत डायअसिटिल बाहेरून घातले तर त्याच्या एकूण प्रमाणालाही दहा लाखांत चार भागांची मर्यादा होती. पांढऱ्या, म्हणजे ‘कुकिंग’ लोण्याला मीठ वर्ज्य आणि स्निग्धांश ७६ टक्के असला तरी पुरे. या चार टक्क्यांचा अर्थ गिरगाव-दादरच्या दुकानात सुटे लोणी घेणाऱ्याने लक्षात ठेवावा. त्यात पाणी जास्त असू शकते आणि मीठ नसल्याने ते पाणी असुरक्षितच असते. बोटाने दाबल्यावर थेंब सुटत असतील तर मळणी कमी पडली आहे. असे लोणी त्याच दिवशी कढवावे. शंभर ग्रॅममागे तूप ऐंशी ग्रॅम उतरणार नाही, हेही धरून चालावे.

मुंबईत घरी विरजणाचे खारे लोणी करून पाहायचे असेल तर अडचण एकच, हवा. नळाचे पाणी उन्हाळ्यात तीस अंशांजवळ असते, घुसळायला हवे बारा. फ्रीजमध्ये साठवलेली अर्धा किलो साय चांगली उकळून, कोमट झाल्यावर चमचाभर ताजे दही लावावे, आठ-दहा तास बाहेर आणि मग रात्रभर फ्रीजमध्ये ठेवावी. साय पाच दिवसांपेक्षा जुनी नको. कच्च्या दुधाच्या सायीत त्याआधीच खवटपणा शिरतो आणि तो विरजणाने झाकत नाही. घुसळताना सायीइतकेच बर्फाचे पाणी, तेही एकदम नाही, अर्धे आधी आणि अर्धे कणी दिसू लागल्यावर. मिक्सर सलग चालवला तर पात्याच्या उष्णतेने कणी वितळते, म्हणून थांबून थांबून फिरवावा. धुण्याचे पाणी नितळ निघेपर्यंत दोन-तीनदा धुवावे, लाकडी चमच्याने दाबून पाणी काढावे आणि मगच लोणी तोलावे. शंभर ग्रॅमला दोन ग्रॅम बारीक मीठ. खडे मीठ नको, ते विरघळत नाही आणि दाताखाली येते. मीठ घातल्यावर दहा मिनिटे थांबून पुन्हा मळावे, कारण पहिल्या मळणीनंतर मिठाने ओढलेले पाणी आणखी एकदा सुटते.